बांधणीचं वर्ष

विमा नूतनीकरणाचा अर्ज दर वसंतात येतो आणि त्यातला एक प्रश्न मला दर वर्षी खटकतो. बोट कोणत्या वर्षी बांधली? मी १९७१ लिहितो. पुढची पानं भरण्यात संध्याकाळ जाते. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या पोलादी तारा कधी बदलल्या, इंजिन पेट्रोलचं की डिझेलचं, स्वयंपाकाच्या गॅसची टाकी कुठे ठेवली आहे, तळातल्या झडपा कोणत्या धातूच्या आहेत, हे सगळं मी खरं खरं लिहितो आणि पावत्या जोडतो. मग उत्तराचा कागद येतो. त्यावर बोटीसमोर गेल्या वर्षीपेक्षा कमी किंमत छापलेली असते. वर्षभरात तिच्यावर जे काम झालं त्याचा त्या आकड्यात मागमूसही नसतो. ती आणखी एका वर्षाने जुनी झाली, एवढीच नोंद घेतलेली असते.

हे मला मान्य नाही. का मान्य नाही ते नीट सांगायला हवं, कारण बोटीच्या विम्याबद्दल बोलायला लागलं की समोरचा माणूस ‘श्रीमंतांचे चोचले’ म्हणून विषय संपवतो. जुन्या शिडाच्या बोटी श्रीमंतांकडे नसतात. त्या शिक्षकांकडे, परिचारिकांकडे, निवृत्त सुतारांकडे आणि माझ्यासारख्या नोकरदारांकडे असतात. नवी बोट परवडत नाही म्हणूनच आम्ही जुनी घेतो आणि शनिवार-रविवार तिच्यावर हात चालवून ती टिकवतो.

माझी बोट अल्बर्ग ३० जातीची आहे. लांबी तीस फूट, वजन सुमारे नऊ हजार पौंड, म्हणजे चार टनांच्या आसपास. त्यातलं तेहतीसशे पौंड लोखंड तळाच्या कण्यात, फायबरग्लासच्या आवरणात बंद केलेलं. स्वीडनमध्ये जन्मून अमेरिकेत नाव कमावलेल्या कार्ल अल्बर्गने तिचा आराखडा काढला. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात व्हिटबी बोट वर्क्स या कारखान्यात १९६२ पासून १९८७ पर्यंत अशा सातशेहून अधिक बोटी बांधल्या गेल्या. मी राहतो त्या अमेरिकेतल्या ॲनापोलिसमध्ये, चेसापीक उपसागराच्या काठी, या बोटींच्या मालकांची संघटना साठच्या दशकापासून आहे. त्यांच्या आपसात शर्यती होतात, सुट्या भागांची आणि सल्ल्यांची देवाणघेवाण होते. या जातीत काय बिघडतं आणि ते कसं सुधारायचं, हे इथे धक्क्यावर कुणालाही विचारावं. उदाहरणार्थ, हिची डोलकाठी केबिनच्या छतावर उभी असते आणि तिचा भार छताखालची लाकडी तुळई पेलते. अनेक बोटींत वर्षानुवर्षांच्या दाबाने ही तुळई वाकते, मग दारं नीट लागेनाशी होतात आणि तारा सैल पडतात. माझ्या बोटीची तुळई ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या लावून मजबूत केलेली आहे. या कामाची ओळ विम्याच्या अर्जात कुठेच बसत नाही. ‘इतर माहिती’ या रकान्यात मी ती दर वर्षी लिहितो. त्याबद्दल मला आजवर कुणी एक प्रश्नही विचारलेला नाही.

विमा न घेण्याचा मार्ग आम्हाला मोकळा नाही. इथल्या बहुतेक मरिना विम्याचं प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय जागा देत नाहीत. माझ्या बोटीने दुसऱ्याची बोट फोडली, माझं डिझेल खाडीत सांडलं किंवा ती जलमार्गात बुडाली आणि सांगाडा काढावा लागला, तर तो खर्च कुणीतरी भरला पाहिजे. या अटीबद्दल माझी काहीही तक्रार नाही. शेजाऱ्याच्या नुकसानीची हमी प्रत्येकाने द्यायलाच हवी. तक्रार आहे ती विम्याच्या दुसऱ्या भागाबद्दल, जिथे माझ्याच बोटीचं मोल ठरवलं जातं.

हे मोल ठरवण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत पॉलिसी घेतानाच एक रक्कम दोन्ही बाजूंनी मान्य करून कागदावर लिहायची. बोट पूर्ण गेली तर तेवढी रक्कम मिळते, वाद नाही. दुसरीत रक्कम आधी पक्की होत नाही. नुकसान झालं त्या दिवशी बाजारात बोटीची जी किंमत असेल ती द्यायची, म्हणजे वयाचा घसारा वजा करून उरेल ते. दुसऱ्या पद्धतीचा हप्ता कमी असतो आणि जुन्या बोटीच्या मालकासमोर बहुधा तीच ठेवली जाते.

भारतातल्या वाचकांना मोटारीच्या विम्यातली आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यासाठी घोषित केलेली किंमत, परिचयाची आहे. तिथे कोष्टक असतं. पहिल्या सहा महिन्यांत पाच टक्के घसारा, वर्षापर्यंत पंधरा, मग वीस, तीस, चाळीस आणि पाचव्या वर्षी पन्नास. पाच वर्षांनंतर ते कोष्टक संपतं आणि किंमत कंपनीने व मालकाने आपसात ठरवायची असते. माझी बोट पन्नाशी ओलांडून गेलेली आहे. तिच्या बाबतीत कोष्टक केव्हाच संपलं, उरलं ते फक्त ‘आपसात’. त्या आपसातल्या दोघांपैकी माझं म्हणणं कुणी ऐकत नाही, ही माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार.

किंमत कमी लिहिली तर बिघडतं काय, हप्ता तर वाचतो, असं पुष्कळजण म्हणतात. बिघडतं ते असं. समजा बोटीची किंमत नऊ हजार डॉलर धरली आहे. वादळात एक तार तुटली आणि डोलकाठी पडली. तळ शाबूत, सुकाणू शाबूत, इंजिन चालू. नवी डोलकाठी, नव्या तारा, नवं शीड आणि मजुरी मिळून पंधरा हजारांचा अंदाज आला. दुरुस्ती किमतीपेक्षा महाग, म्हणून कंपनी बोट ‘पूर्ण नुकसान’ झाल्याचं जाहीर करते. नऊ हजार मालकाच्या हातात पडतात आणि धडधाकट तळाची बोट लिलावात जाते. तिथून ती पुष्कळदा करवतीखाली जाते. फायबरग्लास कुजत नाही, वितळवून पुन्हा वापरताही येत नाही, म्हणून तुकडे करून कचऱ्याच्या भरावात पुरतात. किमतीचा आकडा कमी असल्यामुळे बोट मेली असं ठरतं. आकडा पंचवीस हजार असता तर डोलकाठी पडलेली तीच बोट दुरुस्त झाली असती. बोटीच्या अवस्थेत काडीचा फरक नाही, फक्त कागदावरचा आकडा निराळा.

हे कल्पनेतलं नाही. क्यूबेकच्या इव्ह जेलिना यांनी ‘जाँ-दु-सुद’ नावाच्या अल्बर्ग ३० मधून, म्हणजे नेमक्या माझ्याच जातीच्या बोटीतून, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. १९८१ मध्ये ते फ्रान्समधल्या सँ-मालोहून निघाले. दक्षिण प्रशांत महासागरात लाटेने बोट उलथली आणि डोलकाठी मोडली. तात्पुरती काठी उभारून ते न्यूझीलंडच्या पूर्वेला असलेल्या चॅटम बेटांवर पोचले. तिथे डोलकाठीची दुरुस्ती झाली, बोट पुन्हा पाण्यात उतरली, हॉर्न भूशिराला वळसा घालून १९८३ साली ती क्यूबेकच्या गास्पे बंदरात आली. त्या सफरीवर त्यांनी स्वतः चित्रपट केला आणि बोट वाऱ्याच्या दिशेने आपोआप चालवणारं त्यांचं यंत्र पुढे जगभरातल्या बोटींवर बसलं. आजच्या विम्याच्या हिशेबाने ती बोट चॅटम बेटांवरच ‘पूर्ण नुकसान’ ठरली असती. हॉर्न तिने त्यानंतर पार केलं.

आपल्याकडचं उदाहरणही आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये कुठेही न थांबता एकट्याने जगाला वळसा घातला, हे करणारे ते पहिले. त्यांची ‘सुहेली’ मुंबईत, कुलाब्याला, सागवानात बांधलेली. बत्तीस फुटांची ही बोट पुढच्या काळात वारंवार डागडुजी होत पाण्यावर राहिली आणि २०१८ मध्ये त्या सफरीच्या स्मरणार्थ झालेल्या शर्यतीच्या निमित्ताने इंग्लंडमधल्या फालमथच्या पाण्यात शिडं उभारून हजर होती. ती वयाने माझ्या बोटीपेक्षा मोठी आहे. तिच्या बांधणीचं वर्ष पाहून तिची लायकी कुणी ठरवायला गेलं तर ते हास्यास्पद होईल, हे प्रत्येकाला पटतं. फक्त तिच्या नावामागे इतिहास आहे म्हणून पटतं. ज्या बोटींना इतिहास नाही त्यांच्याबाबतीतही हेच खरं आहे, एवढंच माझं म्हणणं.

आता किंमत ठरते कशी ते पाहू. बोट ठरावीक वयाची झाली की कंपनी सर्वेक्षण मागते. कुणी दहा वर्षांनी, कुणी वीस वर्षांनी, आणि मग दर काही वर्षांनी पुन्हा. सर्वेक्षक सॅम्स किंवा नॅम्स या इथल्या दोन व्यावसायिक संस्थांपैकी एखादीचा सदस्य असावा लागतो. तो फुटाच्या हिशेबाने फी घेतो. तळ पाहायचा तर बोट पट्ट्यांनी उचलणाऱ्या, चाकांवरच्या क्रेनने पाण्याबाहेर काढावी लागते, तळ पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावा लागतो, त्याचे पैसे वेगळे. तीस फुटांच्या बोटीला सगळं मिळून हजार डॉलर सहज लागतात. नऊ हजारांच्या बोटीची किंमत नऊ हजार आहे हे सिद्ध करण्यासाठी तिच्या किमतीच्या दहाव्या हिश्शाहून जास्त खर्च मालकाने करायचा.

सर्वेक्षकाच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. चांगला सर्वेक्षक तळापासून डोलकाठीच्या मुळापर्यंत प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकत जातो. आवाज खणखणीत आला तर थर घट्ट आहेत, बद्द आला तर आतलं बाल्सा लाकूड भिजून कुजलं आहे. ओलावा मोजण्याचं यंत्र तो डेकवर दर हातभर अंतरावर टेकवतो. तळावर पाण्याचे फोड आले आहेत का, सुकाणूच्या सांध्याला चीर आहे का, तारा जिथे बोटीला जोडल्या जातात त्या पोलादी पट्ट्यांना आतून गंज चढला आहे का, हे तो पोटावर सरपटून, विजेरी तोंडात धरून बघतो. तो जे पाहतो ते खरं मोल ठरवण्यासाठी पुरेसं असतं. आणि नंतर तो अहवाल लिहितो.

माझी चीड आहे ती अहवालाच्या रचनेवर. वीस-पंचवीस पानं बोटीच्या अवस्थेची, आणि शेवटी एका ओळीत किंमत. ही ओळ त्या पानांतून आलेली नसते. ती येते बाजारभावाच्या पुस्तकातून आणि दलालांनाच उघडणाऱ्या विक्रीच्या नोंदींतून. त्या पुस्तकात त्याच जातीच्या, त्याच वर्षाच्या बोटींचा सरासरी भाव असतो. अवस्था उत्तम असेल तर काही टक्के चढवायचे, वाईट असेल तर काही टक्के उतरवायचे, बस्स. वाकलेल्या तुळईची, भिजलेल्या डेकची, अंगणात झाकून ठेवलेली बोट आणि पुऱ्या डागडुजीतून गेलेली बोट एकाच सरासरीत जातात. पहिली हजार-दोन हजारांत विकली जाते, कधी फुकटही देऊन टाकतात. तिचा भाव माझ्या बोटीच्या भावाला खाली ओढतो.

जुन्या फायबरग्लास बोटींचा भाव इतका पडला आहे याची कारणं मला ठाऊक आहेत आणि ती मी नाकारत नाही. १९५९ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात अल्बर्गनेच आरेखलेली, पिअर्सन कंपनीची ट्रायटन ही बोट आली. ती फायबरग्लासच्या मोठ्या प्रमाणावरच्या उत्पादनाची सुरुवात मानतात. पुढच्या वीस वर्षांत हजारो बोटी साच्यातून निघाल्या. लाकडी बोट दुर्लक्षामुळे दहा-वीस वर्षांत कुजून संपते, फायबरग्लासची संपत नाही. म्हणून त्या साऱ्या अजून इथेच आहेत, घेणारे मात्र कमी झाले आहेत आणि धक्क्याचं भाडं वाढलं आहे. पुरवठा जास्त, मागणी कमी, भाव खाली. बाजाराचा हा हिशेब बरोबर आहे. पण मला बोट विकायची नाही. विमा मी विकण्यासाठी घेत नाही. माझी बोट गेली तर तिच्याइतकी चांगली, तपासलेली, भरवशाची बोट पुन्हा उभी करायला किती लागतील, याचा विमा मी मागतो आहे. नऊ हजारांत मला जी अल्बर्ग ३० मिळेल तिची तुळई वाकलेली असेल आणि तारा वीस वर्षं जुन्या असतील. त्या बोटीतून मी उपसागराच्या तोंडापाशीही जाणार नाही.

इंजिनचंच घ्या. या बोटींपैकी अनेकींत मुळात ॲटॉमिक फोर हे पेट्रोल इंजिन असे. पेट्रोलची वाफ तळात साचून ठिणगीने स्फोट होऊ शकतो, म्हणून विमा कंपन्यांना डिझेल आवडतं आणि ते योग्यच आहे. नवं छोटं डिझेल इंजिन बसवण्याचा खर्च बोटीच्या छापील किमतीच्या वर जातो. तो केल्यावर पुस्तकातला भाव फार तर दोन-तीन हजारांनी वाढतो. म्हणजे कंपनीला हवा तो सुरक्षित बदल मालकाने केला तर त्याच्या खर्चाचा मोठा भाग विम्याबाहेरच राहतो. असं असताना लोक बदल करत नाहीत आणि जुनं पेट्रोल इंजिन चालवत राहतात. मग कंपन्या म्हणतात की जुन्या बोटी धोक्याच्या असतात.

आता लहान लहान गोष्टी. त्या लहान आहेत म्हणून कुणी लिहीत नाही, पण जमून आल्या की त्याच पॉलिसीची खरी किंमत ठरवतात.

किंमत आधीच मान्य करून लिहिलेल्या पॉलिसीतही तो शब्द पूर्ण नुकसानीपुरताच असतो. काही भाग गेला तर शिडं, कापडी आच्छादनं, दोर, गाद्या, बाहेर लावायचं इंजिन यांवर वयाचा घसारा लागतो. हे पॉलिसीच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत असतं. शीड वाऱ्याने फाटलं तर बहुधा काहीच मिळत नाही, वारा हे शिडाच्या बाबतीत नेहमीचं झिजणं समजतात. त्यांचा हा नियम मला समजतो. मला समजत नाही ते हे की पंधरा वर्षांच्या शिडालाही दोन वर्षांच्या शिडाइतकाच हप्ता का. हप्ता घेताना बोट एकसंध असते, पैसे देताना तिचे पन्नास तुकडे होतात.

नाव दिलेल्या वादळाची वजावट निराळी. एरवीच्या दाव्यात बोटीच्या किमतीच्या एक-दोन टक्के रक्कम मालकाने सोसायची, पण चक्रीवादळाला हवामान खात्याने नाव दिलं की हा हिस्सा अनेक पॉलिसींत पाच किंवा दहा टक्क्यांवर जातो. २००३ च्या सप्टेंबरात इझाबेल वादळाने ॲनापोलिसच्या रस्त्यांत विक्रमी पाणी आणलं. इथल्या आवारांत लोखंडी टेकूंवर ठेवलेल्या बोटी तरंगून निघाल्या. त्या दिवसापासून सगळ्यांच्या पॉलिसीत ही ओळ असणं स्वाभाविक आहे. पण वादळ येण्याआधी बोट बाहेर काढून टेकूंना साखळ्या बांधण्याचा खर्च कंपनीने काही अंशी द्यावा, अशी सोय काही पॉलिसींत असते आणि काहींत नसते. ती आहे की नाही हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

अग्निशामकं. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या २०२२ च्या नियमानुसार एकदाच वापरायची अग्निशामकं बनवल्यापासून बारा वर्षांनी बाद होतात. धोक्याचा इशारा देणाऱ्या ज्योती बेचाळीस महिन्यांनी. हे नियम चांगले आहेत, आगीशी खेळू नये. पण विम्यात त्यांचा उपयोग भलत्याच कामी होऊ शकतो. २०१९ मध्ये फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलजवळ एक यॉट जमिनीला लागली. विमा साडेपाच लाख डॉलरचा होता. कंपनीने दावा नाकारला, कारण यॉटवरच्या अग्निशामक यंत्रणेची तपासणी वेळेत झालेली नव्हती. आग लागलीच नव्हती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२४ मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितलं की पॉलिसीत कोणत्या राज्याचा कायदा लागू होईल हे लिहिलं असेल तर सागरी कायद्यात ते सहसा मान्य करायचं. मालकाच्या राज्याचा कायदा त्याला वाचवायला पुढे येणार नव्हता. म्हणून आता मी पॉलिसीत किंमत शोधण्याआधी कायदा कुठल्या राज्याचा ते शोधतो, आणि इतरांनाही हेच सांगतो.

या देशात सागरी विम्याचा एक सर्वंकष केंद्रीय कायदा नाही, ही मोठी अडचण आहे. १९५५ मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमाच्या सीमेवरच्या टेक्सोमा तलावातल्या एका जळालेल्या हाऊसबोटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की जिथे प्रस्थापित केंद्रीय नियम नाही तिथे राज्याचा कायदा लागू करावा. तेव्हापासून कागदावर लिहिलेला प्रत्येक शब्द आणि राज्याचं नाव यांनाच महत्त्व आलं आहे. ब्रिटिशांचा १९०६ चा सागरी विमा कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. पॉलिसीत ठरवून लिहिलेलं मूल्य, फसवणूक नसेल तर, दोन्ही पक्षांना अंतिम मानलं जातं. भारताच्या १९६३ च्या सागरी विमा कायद्याचं २९ वं कलम जवळजवळ हेच सांगतं. मुंबईत, गोव्यात किंवा कोकणच्या कुठल्याही बंदरात ज्यांची शिडाची बोट आहे त्यांनी आपल्या पॉलिसीत मूल्य असं ठरवून लिहिलं आहे का, हे आधी बघावं. पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर ओढलेली असते त्या महिन्यांतलं संरक्षण कसं आहे, तेही.

कंपन्यांची बाजू मी ऐकून घेतली आहे. जुन्या बोटीची किंमत मालकाच्या म्हणण्यानुसार वाढवून लिहिली तर काही लोक बोट मुद्दाम बुडवतील, असं त्या म्हणतात. असे लोक आहेत, त्यात शंका नाही. म्हणूनच तर सर्वेक्षक असतो. हातोडीने तपासून सही करणाऱ्या माणसाच्या शब्दावर बोट धोक्याची आहे हे कंपनी लगेच मान्य करते आणि त्याच्या शिफारशी तीस दिवसांत पूर्ण करायला लावते. त्याच माणसाच्या शब्दावर बोट उत्तम आहे हेही मान्य करायला हवं. एका बाजूने विश्वास आणि दुसऱ्या बाजूने पुस्तक, हे चालू नये.

विमा कंपन्यांनी अर्जात बांधणीच्या वर्षाशेजारी आणखी एक रकाना घालावा. शेवटची मोठी दुरुस्ती कधी झाली, कशाची झाली आणि कुणी तपासली, हे तिथे लिहिता यावं आणि त्याचा परिणाम किमतीच्या आकड्यावर दिसावा. सर्वेक्षकांनी अहवालाच्या शेवटी बाजारभावाबरोबर त्याच अवस्थेची बोट उभी करण्याचा खर्चही लिहावा, आणि कंपनीने या दोहोंच्या दरम्यान कुठला आकडा धरला ते मालकाला लेखी सांगावं. आणि ज्यांच्याकडे जुनी बोट आहे त्यांनी प्रत्येक कामाची पावती व फोटो जपावेत, घसाऱ्याचं पान आधी मागून वाचावं, आणि मान्य केलेलं मूल्य आकड्यात लिहून मिळाल्याशिवाय हप्त्याचा धनादेश देऊ नये.